यानाचे पाच भाग आणि वेल्ह्याची मुक्कामी गाडी

एकट्या माणसाच्या घरात भांडी कमी आणि किस्से फार साठतात. भांडी निदान बोहारणीला देता येतात. किस्से कुणाला द्यायचे? त्यांना समोर माणूस लागतो, आणि तोही घाईत नसलेला. आज तुम्ही सगळे बसलाच आहात, चहाचं आधणही ठेवलंय, तर ऐका.

वेल्ह्याच्या शाळेत मी शिकवायला गेले तेव्हा भोर संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लग्न जमलं नव्हतं, आणि वडील गेल्यावर जमवणारंही कुणी राहिलं नव्हतं. गाव मला ‘बाई’ म्हणायचं. मान भरपूर होता, पण मान देणारी माणसं गप्पा मारायला बसत नाहीत हो! दारावरून जाताना बायका पदर सारखा करायच्या, पुरुष टोपी नीट करायचे आणि पुढं निघून जायचे. रविवारी शाळा नसली की दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारी हजेरी घेताना पहिल्या दोन नावांना घसा खरवडायचा. मला फार एकटं वाटायचं. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

एवढं बरं होतं की भोरच्या एका वाचनालयातून पुस्तकं मिळत. तिथले ग्रंथपाल दामूअण्णा. वय साठीकडे झुकलेलं, बायको वारलेली, स्वभाव तुसडा. मी पहिलं पुस्तक परत द्यायला गेले, तेव्हा त्यांनी ते माझ्याकडेच सरकवलं.

“अभिप्राय?”

“चांगलं आहे,” मी म्हटलं.

“चांगली भाजी असते. पुस्तकाबद्दल बोला.”

त्यांचा नियमच होता तो. पुस्तक परत करताना तोंडी मत सांगायचं, नाही तर पुस्तक घेणार नाहीत. भोरात लोक या नियमाला वैतागलेले होते, म्हणून वाचनालय बहुधा रिकामंच असे. मी मात्र बोलायला लागले ती थांबेचना. अण्णा मध्ये मध्ये खोडून काढत होते, मी पुन्हा मांडत होते. वेल्ह्याची गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, “तुमचं मत साफ चुकीचं आहे. पुन्हा या.”

इतकं गोड मला बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

* * *

पण वेल्ह्याहून भोरला येणं काही सोपं नव्हतं. शाळा सोडून निघायचं, नसरापूर, कापूरहोळ करत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि त्याच दिवशी परतायचं. पत्रं लिहावीत तर एकटी मास्तरीण आणि विधुर ग्रंथपाल! पहिलं पाकीट पोचायच्या आत गावातले लोक बारसं करून मोकळे झाले असते.

यावर तोड काढली ती कंडक्टर बबनरावांनी. ते मूळचे वरव्याचे. बायको-लेकरं तिकडं, आणि हे मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी गाडी वेल्ह्याला यायची, रात्री ते आणि ड्रायव्हर गाडीतच झोपायचे, सकाळी परत भोर. ते म्हणाले, “पुस्तक म्या न्हेतो-आनतो. तुमचं काय म्हननं आसंल ते मला सांगा, म्या अण्णास्नी सांगतो. त्येंचं तुमाला सांगतो. माझं काय जातंय? तोंड तर हायेच.”

सकाळी गाडी सुटायच्या आधी मी थांब्यावर जायची. बबनराव एका हातात चहाची बशी धरून माझं मत ऐकायचे, पुटपुटत पाठ करायचे. दोन दिवसांनी अण्णांचं उत्तर यायचं. अण्णांचे शब्द जड असायचे. बबनराव डोळे मिटून, मुलं पाढे म्हणतात तसे म्हणायचे, “अण्णा म्हनले, तुमचं विवेचन… थांबा हां… उथळ आणि भावनाविवश हाय. आजून बी बरंच म्हनले, पन म्या जरा कमी करून सांगतोय.”

* * *

त्याच सुमाराला ‘यान’ आलं. पुस्तकाचं खरं नाव सांगत नाही, लेखकाच्या घरच्यांना उगाच वाईट वाटेल. आम्ही ‘यान’च म्हणायचो. मनोहर नावाचा एक शास्त्रज्ञ परसात यान बांधतो, त्यात बसून एकटाच एका दूरच्या ग्रहावर जातो, तिथं यान मोडतं, आणि शेवटच्या पानावर तो दगडावर बसून आभाळातली पृथ्वी शोधतो. संपलं. पहिला भाग एवढाच, पण काय लिहिला होता! मी दोनदा वाचला आणि दोन्हीदा रडले.

एकटीनं रडण्यापेक्षा म्हटलं, गावाला वाचून दाखवावा. शाळेच्या ओसरीवर दिवेलागणीला सुरू केलं. आमच्याकडं ऐकण्याची सवय ती पोथीची. कोंडिबा म्हणून एक शेतकरी होता, गावातल्या पारायणांची सगळी व्यवस्था तोच बघायचा. त्यानं पहिल्याच दिवशी पाट आणला, त्यावर पुस्तक ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि बाजूला नारळ मांडला. मी म्हटलं, “कोंडिबा, ही पोथी नव्हे. गोष्ट आहे.”

“आसू द्या की बाई. आभाळातलीच हाय न्हवं?”

शेवटचं पान वाचून मी पुस्तक मिटलं. कुणीच उठेना. कोंडिबा नारळ हातात घेऊन बसून राहिला.

“फोडा की,” मी म्हटलं.

“कसा फोडू? गडी तिकडं दगडावर बसलाय, आन् आमी हितं समाप्तीचं खोबरं खायाचं? त्यो घरी आल्याबिगार नारळ फुटनार न्हाई.”

नारळ शाळेच्या कपाटात, खडूंच्या शेजारी ठेवला. मी अण्णांना कळवलं. उत्तर आलं, “कोंडिबाला सांगा, नारळ कायमचा राहिला तर उत्तम. या पुस्तकाचा पुढचा भाग कुणी लिहू नये.”

लेखकानं अर्थातच लिहिला.

* * *

दुसऱ्या भागात मनोहरला त्या ग्रहावरची माणसं भेटतात. ती बोलतच नाहीत. एकमेकांच्या मनातलं नुसतं बघून ओळखतात.

हौसाक्का नावाची एक म्हातारी धनगरीण वरच्या वस्तीवरून तूप विकायला खाली यायची. वस्ती म्हणजे नावाला. पोरं पांगली होती, नवरा गेला होता, वर ती, तिची म्हैस आणि शेरडं. तूप विकून झालं की ओसरीवर ऐकत बसायची. पहिल्या भागावर तिचं एकच म्हणणं होतं.

“यवढ्या लांब निगाला, आन् कुत्रं न्हाई न्हेलं?”

“यानात जागा नव्हती, आक्का.”

“यवढी यंत्रं न्हेली. कुत्र्यालाच बरी जागा नव्हती? मग ऱ्हानारच की येकटा.”

दुसरा भाग मात्र तिला फार आवडला. न बोलता कळणारी माणसं! ती मला म्हणाली, “ह्ये ब्येस हाय. म्या वर दिसभर बोलती, आन् शेरडं चरत्यात. तितं नुसतं बसलं तरी दुसऱ्याला समाजतंय. किती भाडं पडंल गं बाई तितवर?”

बबनराव शेजारीच उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, “आजून तितवर एस.टी. न्हाई आक्का. झाली की तुमाला पुढचं शीट.”

अण्णांचं मत उलटं होतं. “कल्पनेचं दारिद्र्य. लेखकाला संवाद लिहिता येत नाहीत म्हणून पात्रं मुकी केली.” हौसाक्काला हे मी सांगितलं नाही. ती त्या ग्रहाबद्दल नंतरही चौकशी करत असायची.

* * *

मालिका मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली होती. तिसऱ्या भागात मनोहरला शोधायला पृथ्वीवरून दुसरं यान येतं, त्याचा सख्खा भाऊ त्यात असतो. आणि हा पठ्ठ्या डोंगराआड लपून बसतो! भाऊ हाका मारून मारून परत जातो.

ओसरीवर नुसता गोंधळ. कोंडिबा लाल झाला. “घरची मानसं न्यायला आली आन् ह्यो दडून बसला? बाई, फुडचं वाचू नगा. मरू द्या त्येला तितंच.” दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण पुस्तकाकडे पाठ करून बसला.

मलाही राग आला होता. मी अण्णांना कळवलं की लेखकानं पान वाढवायला हे केलंय. आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णा लेखकाच्या बाजूनं उभे राहिले. बबनरावांनी ते उत्तर अगदी सावकाश सांगितलं, एक शब्द कमी न करता. “अण्णा म्हनले, तो लपला नाही. फार दिवस एकटं राहिलं की आपलं कुणी न्यायला आलं तरी जायची लाज वाटते. हे ज्याला कळलं नाही त्यानं पुस्तक परत करावं.”

मी थांब्यावरून शाळेत आले. मुलांना गणितं घातली आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या धाकट्या भावाचं बोलावणं त्या दिवाळीत आलं होतं, आणि पेपर तपासायचेत असं सांगून मी गेले नव्हते. हे अण्णांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी मला वाटलं, जगात एक माणूस आहे ज्याला माझ्याशी बोलता येतं.

* * *

चौथ्या भागापासून अण्णा बदलले.

या भागात मनोहर अखेर पृथ्वीवर परत येतो. पण तोवर इथं शंभर वर्षं उलटलेली असतात आणि त्याचं गाव पाण्याखाली गेलेलं असतं. तो काठावर उभा राहून आपलं घर कुठं असेल याचा अंदाज घेतो. ऐकणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोंडिबा म्हणाला, “आमचं आजोळ भाटघरच्या पान्यात गेलं. आय दर साली काठावर हुबी ऱ्हाऊन हितं चूल व्हती, तितं गोठा व्हता, आसं दावायची. त्येला यानात कशाला बसावं लागतंय?”

पण गडी घरी आला होता, तेव्हा नारळ फोडणं भाग होतं. फोडला. आत वाळून खडखडीत गोटा झालेला. कोंडिबानं तो किसून सगळ्यांना साखर घालून वाटला. आणि दुसऱ्याच आठवड्यात बबनराव सांगत आले, पाचवा भाग निघतोय, मनोहर परत जातोय! कोंडिबानं कपाळाला हात लावला. फोडलेला नारळ जोडायचा कसा, यावर बरेच दिवस चर्चा झाली.

तर अण्णांचं सांगत होते. चौथ्या भागावर त्यांचं मत आलं ते असं. “अण्णा म्हनत्यात, एवढ्या लांबचा परवास, आन् वाटंत कुटं थांबा न्हाई. यान चालवनाऱ्याला झोप आली न्हाई का? आन् परत आल्यावर पयलं कुनी पानी तरी इचारलं का? त्ये लेखकानं लिवलंच न्हाई.”

मला हसू आलं. कल्पनेचं दारिद्र्य नाही, विवेचन नाही, उथळ नाही. म्हातारा मऊ झाला असं वाटलं. पुढची मतंही तशीच. मनोहरला थंडी वाजत असेल का, त्याच्या अंगरख्याला खिसे होते का, रोज तेच खाऊन तोंडाला चव कशी राहिली असेल. मी अण्णांना चिडवलं, “तुमची टीका पातळ झाली.” उत्तर आलं, “वय झालं.”

पुस्तकांत आता जागोजाग एस.टी.ची जुनी तिकिटं सापडायची, पानांत खूण म्हणून घातलेली. मला वाटे, येता-जाता कुणी उतारू चाळत असतील. पुस्तक संध्याकाळच्या गाडीनं येऊनही माझ्या हातात सकाळीच पडायचं. “रातीचं कशाला बाईमानसाच्या दारात यायाचं,” असं बबनराव म्हणायचे, आणि मला ते रीतीला धरून वाटायचं.

खरं सांगते, मला हे नवे अण्णा जास्त आवडले. जुन्या अण्णांशी मी भांडायची. या अण्णांना मी पुस्तक सोडून इतर गोष्टीही कळवायला लागले. शाळेच्या छपराची गळती, माझी दाढदुखी, रविवार कसा जात नाही ते. आणि दर वेळी उत्तर यायचं. दाढेला लवंग, रविवारी हौसाक्काच्या वस्तीवर चढून जा. गेले. तिनं ताक दिलं. दोघी न बोलता बसलो, त्या ग्रहावरच्या माणसांसारख्या.

* * *

मग मी एक गोष्ट मनाशी ठरवली. भोरच्या शाळेत जागा रिकामी होणार असं कानावर आलं होतं. बदली मागायची. भोरला राहायचं, शाळा सुटली की वाचनालयात जायचं आणि समोरासमोर बसून बोलायचं. लग्नबिग्न काही डोक्यात नव्हतं, तसे हसू नका. नुसतं बोलायचं होतं, मध्ये साठ-सत्तर उतारू आणि एक कंडक्टर न घेता.

मी बबनरावांना म्हटलं, “अण्णांना विचारा, मी भोरला बदली मागू का?”

बबनरावांच्या हातातली बशी कलंडली. “ह्ये इचारू?”

“हो. एवढंच विचारा.”

दोन दिवसांनी उत्तर नाही. आठवड्यानं म्हणाले, “अण्णा इचार करत्यात.” पुढं म्हणाले, “अण्णास्नी खोकला हाय.” नंतर तर माझी नजर चुकवून टपावरचं सामान मोजायला चढले. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला संकोच वाटत असेल. शेवटी एका सकाळी, गाडी सुटताना, दारात लोंबकळत ते म्हणाले, “अण्णा म्हनले, पाचवा भाग वाचा. घाई करू नगा.” आणि घंटी मारली.

पाचवा भाग आला. मनोहर पुन्हा त्या ग्रहावर जातो. ती न बोलणारी माणसं गेलेली असतात, सगळी, कुठं ते कळत नाही. मैदानात फक्त एक दिवा जळत असतो. मनोहर त्या दिव्याशेजारी बसतो, आणि लेखक लिहितो की विश्वात आता तो अगदी एकटा होता. इथं मालिका संपते. ओसरीवर हौसाक्का तेवढी म्हणाली, “म्या तवाच म्हनलं व्हतं, कुत्रं न्ह्या.”

मी बबनरावांजवळ माझं मत दिलं नाही. हे मत मी स्वतः सांगणार होते.

* * *

बदलीचा अर्ज पिशवीत घालून मी भोरला गेले. कचेरीत जायच्या आधी वाचनालयात गेले. अण्णांच्या खुर्चीवर एक तरुण गृहस्थ बसले होते.

“दामूअण्णा?”

“ते कधीच गेले की मुलाकडे, बडोद्याला. चौथा भाग आला तेव्हापासून मीच आहे इथं.”

मी म्हटलं, वेल्ह्याचं पुस्तक येतं-जातं ना तुमच्याकडे?

“येतं की. ते कंडक्टर आणतात. पुस्तक ठेवतात आणि उगाच उभे राहतात. वेल्ह्याच्या बाई असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या, सांगत बसतात. वर स्वतःचंही काही सांगतात. मला कामं असतात हो, कोण ऐकणार?”

मी कचेरीत गेले नाही. एस.टी. थांब्यावर बाकावर बसून राहिले. मला राग आला, मग लाज वाटली, आणि मग इतकं रिकामं वाटलं की उठावंसंच वाटेना. दाढदुखीपासून रविवारापर्यंत सगळं मी कुणाला सांगत होते, ते आता मला एक एक करून आठवायला लागलं.

संध्याकाळी वेल्ह्याची गाडी लागली. मी चढले. बबनराव दारात होते.

“झाली का कामं, बाई?”

“झाली.”

ते म्हणाले, “वाचनालय आज बंद आसंल.”

“उघडं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी सगळ्या गाडीची तिकिटं फाडली, माझं सोडून. कापूरहोळला उतारू उतरले, नसरापूरला चढले, तरी ते माझ्या बाकापर्यंत आले नाहीत. पुढं रस्ता चढाला लागला, गाडी निम्मी रिकामी झाली, तेव्हा आले. वरचा दांडा धरून उभे राहिले. तिकिटांची पेटी उघडली आणि तशीच उघडी धरली.

“कुटलं देऊ?”

“वेल्ह्याचं.”

त्यांनी तिकीट फाडलं, भोक पाडलं, माझ्या हातात दिलं. मी पैसे दिले. ते वळायला लागले, तेव्हा मी विचारलं, “बबनराव, पाचव्या भागाबद्दल अण्णा काय म्हणाले?”

त्यांनी तिकिटांची पेटी मिटली. गाडीनं दोन वळणं घेतली.

“अण्णा म्हनत्यात, लेखक चुकला. त्यो गडी दिव्याजवळ बसला आन् म्या येकटाच हाय म्हनला. पन इतके दिस त्यो दिवा कुनी त्याल घालून जळता ठेवला, त्ये त्यानं येकदा बी इचारलं न्हाई.”

मी तिकीट घडी करून पिशवीत ठेवलं.

“अण्णांना सांगा,” मी म्हटलं, “बाईंना पटलं.”

“सांगतो,” ते म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारीला कुठं उतरायचं ते विचारायला गेले.